दारावरची टकटक

मनिला आणि तिच्या आसपासच्या शहरांत गरिबाला मेल्यावरही भाड्यानंच राहावं लागतं. दफनभूमीत सिमेंटचे चौकोनी कप्पे एकावर एक रचलेले असतात, चाळीतल्या खोल्यांसारखे. कप्प्यात शवपेटी सरकवायची, विटा-सिमेंटनं तोंड बुजवायचं, वर नाव आणि तारीख लिहायची. भाडेपट्टा साधारण पाच वर्षांचा. तो संपल्यावर घरच्यांनी पुन्हा पैसे भरले नाहीत, तर कप्पा फोडून हाडं बाहेर काढतात आणि जागा पुढच्याला देतात. जागेच्या टंचाईपायी थडगं पुन्हा वापरण्याची रीत मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही ठाऊक आहे. पण मनिलात 2021 साली ज्यांचे पट्टे एकापाठोपाठ एक संपू लागले, ती माणसं म्हातारपणानं गेली नव्हती. ती 2016 च्या पावसाळ्यात, अमली पदार्थांविरुद्धच्या सरकारी मोहिमेच्या काळात, गोळ्या घालून मारली गेली होती, आणि त्यांच्या घरच्यांकडे पहिल्या दफनाचे पैसेसुद्धा कसेबसे जमले होते.

ही हाडं सामायिक खड्ड्यात जाण्याआधी गाठायची, असं फादर फ्लाविआनो विलानुएवा यांनी ठरवलं. मनिलात त्यांना सगळे फादर फ्लावी म्हणतात. ते स्वतः तरुणपणी अमली पदार्थांच्या आहारी गेले होते आणि त्यातून बाहेर आले. रस्त्यावर राहणाऱ्यांना आंघोळ, स्वच्छ कपडे आणि गरम जेवण देणारं केंद्र ते 2015 पासून चालवतात. आता ते विधवांना आणि आयांना सोबत घेऊन दफनभूमीत जाऊ लागले. कप्पा फोडायचा, अवशेष काढायचे, आणि दहनाआधी ते डॉक्टर राकेल फोर्तून यांच्याकडे न्यायचे. फोर्तून या न्यायवैद्यक तज्ज्ञ. फिलिपिन्समध्ये असे तज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यांनी एकेक सांगाडा टेबलावर मांडला, कवटीतली भोकं मोजली, मृत्यूचा दाखला शेजारी ठेवून वाचला. काही दाखल्यांवर मृत्यूचं कारण लिहिलं होतं न्यूमोनिया. हाडं मात्र बंदुकीच्या गोळीची खूण दाखवत होती.

ही मोहीम काढणाऱ्या लोकप्रिय राष्ट्राध्यक्षाला विरोध करायचा म्हणजे काय करायचं, याची उत्तरं फिलिपिन्सनं अनेक दिली. मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या, कोर्टात दावे झाले. त्यातलं बरंचसं त्या वेळी हरलं. टिकलं ते नोंद ठेवणाऱ्यांचं काम.

रोद्रिगो दुतेर्ते हे मिंदानाव बेटावरच्या दावाओ शहराचे दोन दशकांहून अधिक काळ महापौर होते. 9 मे 2016 च्या निवडणुकीत त्यांना सुमारे 1 कोटी 66 लाख मतं मिळाली. एकूण मतांपैकी हा वाटा 39 टक्क्यांच्या आसपास. फिलिपिन्समध्ये दुसरी फेरी नसते, त्यामुळे तेवढं पुरलं. त्यांना मत देणारे सगळे भडक माथ्याचे होते असं समजणं चुकीचं ठरेल. 1986 मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून हुकूमशहा फर्दिनांद मार्कोस यांना घालवलं, लोकशाही परत आणली. पण त्यानंतरच्या तीस वर्षांत सत्ता फिरत राहिली ती त्याच त्या श्रीमंत घराण्यांमध्ये. मनिलातला कामगार दिवसाचे तीन-चार तास ट्रॅफिकमध्ये घालवत होता. कोर्टात खटले वर्षानुवर्षं कुजत होते. दक्षिणेकडच्यांची तक्रार जुनीच होती, की राजधानीला आपण दिसतच नाही. अशा वेळी मिंदानावमधून एक माणूस आला, जो चारचौघांसारखे कपडे घालायचा, भर सभेत शिव्या द्यायचा आणि सहा महिन्यांत गुन्हेगारी संपवतो म्हणायचा. सरकारी महाविद्यालयांतलं शिक्षण मोफत करणारा कायदाही पुढे त्यांच्याच कारकिर्दीत झाला. लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला, आणि तो जीव शेवटपर्यंत फारसा आटला नाही. त्यांना विरोध करणं इतकं अवघड का गेलं, ते इथं कळतं. सत्तेच्या विरोधात उभं राहणं एक वेळ जमतं. शेजाऱ्याच्या, भावाच्या, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आवडत्या माणसाच्या विरोधात उभं राहणं जास्त जड जातं.

दुतेर्ते 30 जून 2016 ला सत्तेवर आले आणि दुसऱ्याच दिवसापासून पोलिसांची मोहीम सुरू झाली. तिचं नाव ‘तोखांग’. बिसाया भाषेतल्या दोन शब्दांची ही जोड: ‘तोकतोक’ म्हणजे दार ठोठावणं आणि ‘हांग्यो’ म्हणजे विनंती करणं. मराठी कानाला तोकतोक आणि टकटक यांत फारसा फरक वाटणार नाही. कागदावर योजना साधी होती. वस्तीतल्या याद्या घेऊन पोलीस दारोदार जाणार, शाबू नावाचा स्वस्त अमली पदार्थ घेणाऱ्यांना किंवा विकणाऱ्यांना समजावणार, शरण यायला सांगणार. लाखो लोक खरोखरच शरण आले, नावं लिहून दिली. त्या याद्यांमधलीच कित्येक माणसं पुढे मेली. कोणी पोलिसांच्या छाप्यात, कोणी मोटरसायकलवरून आलेल्या, तोंड झाकलेल्या माणसांच्या गोळीनं.

छाप्यातल्या मृत्यूंच्या अहवालात एक शब्द सतत यायचा: ‘नानलाबान’. म्हणजे त्यानं प्रतिकार केला. संशयितानं बंदूक काढली, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. गल्ल्या वेगळ्या, रात्री वेगळ्या, माणसं वेगळी, पंचनामा एकच. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाक्य अनोळखी नाही. नव्वदच्या दशकातल्या मुंबईत ‘चकमक’ हा शब्द असाच रुळला होता, तेव्हाही टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. अखेर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या चकमकींवरूनच उभ्या राहिलेल्या एका खटल्यात, अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे, असे नियम घालून दिले. त्या खटल्यामागेही चिकाटीनं कागद जमवणारी नागरी हक्कांची एक संघटनाच होती.

फिलिपिन्स पोलिसांच्या स्वतःच्या हिशेबानं मे 2022 अखेरपर्यंत कारवायांत 6,252 माणसं मारली गेली. हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयापुढे तिथल्याच अभियोक्त्यांनी ठेवलेला अंदाज 12 हजार ते 30 हजारांचा आहे, आणि तोसुद्धा फक्त मार्च 2019 पर्यंतचा. दोन आकड्यांमधलं हे अंतर म्हणजे पोलिसांच्या या हिशेबात ज्यांची नोंदच झाली नाही, अशी माणसं.

या सगळ्याची पहिली मोठी किंमत लैला दे लिमा यांनी मोजली. त्यांचं आणि दुतेर्त्यांचं वैर जुनं. 2009 साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष म्हणून त्या दावाओला गेल्या, महापौर दुतेर्त्यांना समोर बसवून शहरातल्या मारेकरी टोळीबद्दल प्रश्न विचारले, शहराजवळच्या एका दगडखाणीच्या जागेत खोदकाम करवून घेतलं. हाडं सापडली, पण खटला उभा राहिला नाही. दुतेर्ते हे कधी विसरले नाहीत. 2016 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, त्याच वर्षी दे लिमा सिनेटवर निवडून आल्या आणि न्याय व मानवाधिकार समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी हत्यांची चौकशी सुरू केली. 15 सप्टेंबरला एदगार मातोबातो हा माणूस समितीपुढे आला. आपण दावाओच्या टोळीत होतो, महापौरांच्या सांगण्यावरून माणसं मारली, असं त्यानं शपथेवर सांगितलं. चारच दिवसांनी सिनेटमधल्या बहुमतानं दे लिमांना समितीवरून काढून टाकलं.

पुढचा हल्ला चारित्र्यावर होता. ड्रायव्हरशी त्यांचे संबंध होते हे भर सभेत चघळलं गेलं. त्यांची म्हणून सांगितली जाणारी एक अश्लील चित्रफीत संसदेत दाखवण्याची भाषा काही लोकप्रतिनिधींनी केली. त्यावर फिलिपिन्समधल्या बायकांनी दिलेलं उत्तर सांगण्यासारखं आहे. लेखिका, प्राध्यापिका, गृहिणी, नोकरदार बाया आपापल्या नावानं जाहीर लिहू लागल्या: त्या चित्रफितीत जी बाई आहे, ती मीच, मला साक्षीला बोलवा. चित्रफीत दाखवण्याचा बेत बारगळला.

अटक मात्र टळली नाही. तुरुंगातल्या अमली पदार्थांच्या धंद्यातून त्यांनी पैसे घेतले असा आरोप ठेवून 24 फेब्रुवारी 2017 ला त्यांना पकडण्यात आलं. पोलीस मुख्यालयाच्या आवारातल्या कोठडीत त्यांना ना फोन, ना संगणक, ना इंटरनेट. मग त्या हातानं लिहू लागल्या. सिनेटर म्हणून विधेयकांचे मसुदे, सरकारी धोरणांवरची निवेदनं, देशातल्या घडामोडींवरचं मत, सारं कागदावर पेनानं, आणि भेटीला येणाऱ्यांच्या हाती ते बाहेर. आवारातल्या भटक्या मांजरांना त्यांनी लळा लावला. 2022 मध्ये मुख्य साक्षीदार एकेक करून उलटले. आपल्यावर दबाव आणून साक्ष द्यायला लावली, असं तुरुंग खात्याचे माजी प्रमुख रफाएल रागोस यांनी सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोठडीतून पळू पाहणाऱ्या कैद्यांपैकी एकानं दे लिमांना ओलीस धरलं. पोलिसांनी त्याला ठार केलं, त्या वाचल्या. जामीन मिळाला तो 13 नोव्हेंबर 2023 ला आणि शेवटचा खटला निकाली निघाला जून 2024 मध्ये. 6 वर्षं आणि साडेआठ महिने एक निवडून आलेली सिनेटर अशा आरोपांखाली कोठडीत होती, ज्यांतला एकही कोर्टात टिकला नाही.

दे लिमा आत गेल्यावर बाहेर काय उरलं? रात्रपाळी करणारे उरले. मनिलातले वृत्तछायाचित्रकार त्या काळात पोलीस मुख्यालयापाशी रात्री जमायचे आणि वायरलेसवर बातमी आली की गाड्या काढायचे. एका रात्रीत पाच-सहा ठिकाणं व्हायची. दे लिमांच्या अटकेच्याही आधी, जुलै 2016 मध्ये, ‘फिलिपिन डेली इन्क्वायरर’च्या राफी लेर्मा यांनी पासायमध्ये एक छायाचित्र टिपलं: रस्त्यावर बसलेली एक तरुणी, मांडीवर नवऱ्याचा मृतदेह, शेजारी पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर तो अमली पदार्थ विकणारा होता असं लिहिलेलं. पेपरनं पहिल्या पानावर ते छापलं. दुसऱ्याच दिवशी दुतेर्त्यांनी संसदेतल्या आपल्या पहिल्या वार्षिक भाषणात त्याचा उल्लेख केला. येशूचं शव मांडीवर घेतलेल्या मेरीसारखं हे नाटकी चित्र रंगवलंय, असा त्यांचा सूर होता. बहुसंख्य कॅथलिक असलेल्या देशात ती उपमा त्यांनी थट्टेखातर वापरली. छायाचित्र मात्र त्याच उपमेनं जगभर ओळखलं गेलं.

पत्रकारांना गप्प करण्याच्या रीती अनेक होत्या, आणि त्या बहुतेक कागदी होत्या. ‘रॅप्लर’ या बातम्यांच्या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मारिया रेसा यांनी ऑक्टोबर 2016 मध्येच दाखवून दिलं, की अवघी 26 बनावट फेसबुक खाती सुमारे 30 लाख लोकांपर्यंत पोहोचू शकतात. त्यानंतर त्यांच्यावर तासाला नव्वद द्वेषाचे संदेश आदळू लागले. मग परवाना रद्द करण्याचा आदेश, करचुकवेगिरीचे खटले, सायबर मानहानीचा खटला. 2020 मध्ये त्या मानहानीत दोषी ठरल्या. करांच्या सगळ्या खटल्यांतून 2023 पर्यंत निर्दोष सुटल्या. 2021 चा शांततेचा नोबेल पुरस्कार त्यांना रशियन संपादक दिमित्री मुरातोव यांच्यासोबत मिळाला. देशातली तेव्हाची सर्वांत मोठी वाहिनी एबीएस-सीबीएन हिचं प्रक्षेपण मे 2020 मध्ये, ऐन कोविडात, बंद पडलं, कारण तिच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. सरन्यायाधीश मारिया लूर्देस सेरेनो यांची नेमणूकच अवैध होती, असं 2018 मध्ये त्यांच्याच न्यायालयानं 8 विरुद्ध 6 मतांनी ठरवलं. पोलीस दारात न येताही संस्था कशा मोडतात, त्याचे हे नमुने.

एकदाच सरकार खरोखर हललं. 16 ऑगस्ट 2017 च्या रात्री मनिलाच्या उत्तरेला कालोओकानमध्ये पोलिसांनी 17 वर्षांच्या एका शाळकरी मुलाला मारलं. त्यानं गोळीबार केला, असं पंचनाम्यात आलं. पण गल्लीतल्या सीसीटीव्हीत दोन माणसं एका मुलाला फरफटत नेताना दिसली. शेजाऱ्यांनी सांगितलं, की उद्या परीक्षा आहे, मला सोडा, अशी तो गयावया करत होता. त्याच्या अंत्ययात्रेत हजारो लोक चालले. पुढे चर्चनं आवाहन केलं आणि रात्री आठ वाजता मेलेल्यांसाठी घंटा वाजू लागल्या. कालोओकानचे बिशप पाब्लो विर्जिलियो दाविद यांनी आपल्या हद्दीतल्या मृतांच्या कुटुंबांना आधार दिला; त्यांच्यावर पुढे राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला, आणि तोही गळून पडला. दुतेर्त्यांची लोकप्रियता पहिल्यांदाच ठळकपणे उतरली, मोहीम काही काळ पोलिसांकडून काढून घेतली गेली. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये तीन पोलिसांना जन्मठेप झाली. सहा हजारांहून अधिक मृत्यूंमध्ये कोर्टानं पोलिसांना दोषी ठरवलेलं हे पहिलं प्रकरण. कॅमेरा नसता तर तोही मुलगा ‘नानलाबान’च्या यादीत राहिला असता.

मतपेटीत विरोधकांना काय मिळालं, हेही स्पष्ट सांगायला हवं. 2019 च्या सिनेट निवडणुकीत त्यांचे आठच्या आठ उमेदवार पडले. विरोधी गोटातल्या लेनी रोब्रेदो तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होत्या, कारण त्या पदाची निवड फिलिपिन्समध्ये स्वतंत्र मतदानानं होते. त्यांना नोव्हेंबर 2019 मध्ये दुतेर्त्यांनी अमली पदार्थविरोधी समितीचं सहअध्यक्षपद देऊ केलं. सहकाऱ्यांनी सापळा आहे म्हणून बजावलं. त्यांनी ते घेतलं, आकडेवारी मागितली, आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना काढलं गेलं. पण तेवढ्यात हाती आलेल्या कागदांवरून त्यांनी अहवाल लिहिला: देशात खपणाऱ्या शाबूचा एक टक्कासुद्धा सरकारनं पकडलेला नव्हता. हजारो माणसं मारून धंद्याला धक्का लागला नव्हता, हे सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. 2022 मध्ये रोब्रेदो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. गुलाबी कपड्यांतले स्वयंसेवक स्वखर्चानं घरोघरी फिरले. फिलिपिन्समध्ये दुसऱ्याच्या दारात गेल्यावर ‘ताओ पो’ म्हणण्याची रीत आहे. अर्थ साधारण असा: माणूस आलाय, जी. ज्या दारांवर तोखांगची थाप पडली होती, त्यांतल्या काही दारांवर ही हाक गेली. मेई पानेर या अभिनेत्रीनं या हत्यांवर एकपात्री प्रयोग केला, त्याचंही नाव ‘ताओ पो’च.

रोब्रेदो दीड कोटी मतं घेऊन हरल्या. जिंकले हुकूमशहाचे चिरंजीव फर्दिनांद मार्कोस ज्युनिअर, 3 कोटी 16 लाख मतं घेऊन, आणि त्यांच्यासोबत उपराष्ट्राध्यक्ष झाल्या दुतेर्त्यांच्या कन्या सारा.

मग सत्तेतली दोन घराणीच एकमेकांवर उलटली. पुढे दुतेर्ते हेगच्या न्यायालयापुढे पोहोचले, त्याचं श्रेय फक्त आंदोलकांना देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मार्कोसांना ते राजकीयदृष्ट्या सोयीचं झालं, म्हणून दार उघडलं. पण दार उघडलं तेव्हा आत नेण्यासारखं काही तयार असावं लागतं, आणि ते होतं. दुतेर्त्यांनी मार्च 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयातून देशाला बाहेर काढण्याची घोषणा केली, ती वर्षानं अंमलात आली. तरी त्याआधीच्या काळावर न्यायालयाचा अधिकार राहिला, आणि वकिलांनी, धर्मगुरूंनी, विधवांनी त्या काळाचे जबाब, छायाचित्रं, दाखले सांभाळून ठेवले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये एका माजी पोलीस अधिकाऱ्यानं संसदीय समितीपुढे सांगितलं, की हत्येमागे 20 हजार ते 10 लाख पेसोंपर्यंत बक्षीस मिळायचं. त्याच महिन्यात खुद्द दुतेर्ते सिनेटपुढे आले आणि आपली मारेकरी टोळी होती, तिच्यात सात जण होते, असं बोलून गेले.

11 मार्च 2025 ला हाँगकाँगहून परतताना मनिलाच्या विमानतळावर त्यांना अटक झाली आणि त्याच रात्री विमान हेगकडे निघालं. तीन दिवसांनी ते न्यायालयापुढे आले, तेही पडद्यावरून. इकडे मनिलात मृतांचे नातेवाईक मांडीवर फोटो घेऊन दुसऱ्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर दिसणारा म्हातारा दमलेला, सुरकुतलेला, कोटातला. आरोप होता मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा, त्यात खुनांचा. सुरुवातीच्या वॉरंटमध्ये निदान 43 बळींचा उल्लेख होता.

दोन महिन्यांनी, 12 मे 2025 ला, देशात मतदान झालं. हेगच्या कोठडीत असलेले दुतेर्ते दावाओच्या महापौरपदी प्रचंड मतांनी निवडून आले. मोहिमेच्या वेळचे पोलीसप्रमुख रोनाल्ड देला रोसा सिनेटच्या बारा विजेत्यांत तिसरे आले. त्याच मतदानात लैला दे लिमा प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या आणि लेनी रोब्रेदो आपल्या नागा शहराच्या महापौर झाल्या. ज्या कुटुंबांनी मुलं गमावली, त्यांच्याच गल्लीत दुतेर्त्यांच्या सुटकेसाठी फलक लागले.

फादर फ्लावींना 2025 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1958 मध्ये हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांमध्ये विनोबा होते, पुढे बाबा आमटे आले. मराठी घरांत या नावाला एक ओळखीचा मान आहे. कालोओकानच्या ला लोमा दफनभूमीत फादरांच्या पुढाकारानं अस्थिकलशांसाठी एक स्मारक उभं आहे, ‘दाम्बाना नांग पागहिलोम’, म्हणजे जखमा भरण्याचं स्थान. दहनानंतर पांढऱ्या कलशातल्या अस्थी प्रार्थनेत आई-बायकोच्या हाती दिल्या जातात आणि मग तिथल्या कप्प्यात ठेवल्या जातात. या कप्प्यांना भाडं नाही, पाच वर्षांची मुदत नाही. प्रत्येकावर नाव आहे.